बिनरक्ताची भीती

माझे सासरे यशवंतराव यांना दिसत नाही, हे आम्हाला कळायला वर्ष लागलं. दोष आमचा नाही. दोष पांढुर्ण्यातल्या डोक्यांचा आहे.

मामाजी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन टाके घालणारे, होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जांब नदीच्या दोन काठांवरून माणसं एकमेकांना दगड मारतात. गोटमार म्हणतात त्याला. मारणारे मोकळे होत आणि ज्यांना लागे ते मामाजींच्या टेबलासमोर ओळ लावत. निम्म्या गावाच्या कपाळावर त्यांचा हात चाललेला. रिटायर झाल्यावर रस्त्यात, लग्नात कोणी पाया पडायला वाकलं की मामाजी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरायचे, अंगठा कपाळावरून भुवईकडे, तिथून केसांत न्यायचे आणि म्हणायचे, “सागर. सात टाके. तुह्या बापानं तुहे हात धरले होते, अन् रडला बापच.”

सागर आता दोन मुलींचा बाप. तो लाजून हसायचा आणि लोक म्हणायचे, काय याददाश्त आहे म्हाताऱ्याची! म्हातारा पाहत नाही, चाचपतो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. ज्यांचं जन्मात कधी काही फुटलं नाही, त्यांची बोळवण “या, बसा, घरी सगळे मजेत?” एवढ्यावर होई. तशी माणसं आमच्या गावात त्या मानानं कमी.

माझ्याही डोक्यावर टाका नाही. मला ते आवाजावरून आणि बांगड्यांवरून ओळखत होते, पण हे मला तरी कुठे माहीत होतं! यंदा गणपतीत माझा घसा बसला. मनगटाला तेल उडून भाजलं होतं म्हणून बांगड्याही काढलेल्या. चहा घेऊन समोर उभी राहिले, तर मामाजींनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघत विचारलं, “कोण?”

मी काय बोलणार, आवाजच नव्हता. त्यांनी हात पुढे केला. अंगठा माझ्या कपाळावरून एकदा फिरला. परत फिरला. काहीच सापडेना. सव्वीस वर्षं मी या माणसाला चहा देते, पण त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मेळ्यात हात सुटलेल्या मुलाचा असतो तसा.

“अर्चना,” मी कशीबशी कुजबुजले.

“माहीत आहे मले,” मामाजी म्हणाले. “गंमत करून राह्यलो होतो.”

त्याच संध्याकाळी त्यांनी साडीची विचारपूस केली. मी घरी फॉल-पिकोची कामं घेते. शेजारच्या देवकाबाईंची हिरवी साडी फॉल लावून हँगरवर दाराच्या चौकटीला टांगली होती. मामाजी फिरून आले, ओट्यावर थबकले आणि म्हणाले, “या वहिनी, बसा.”

साडी काही बसली नाही.

“पाय दुखते का अजून?”

साडी वाऱ्यानं जराशी हलली.

“जपा,” म्हणाले आणि बाजूनं आत गेले. मी मशीनवर बसून हे सगळं पाहत होते. आधी हसू आलं. मग पदर डोळ्यांना लावावा लागला.

माझा नवरा गजानन त्यांना नागपूरला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून गेलाय. आधी उजवा करू, पण दिवाळीच्या आत. फार थांबलात तर डोळ्याचा दाब वाढेल, मग ऑपरेशन करूनही नजर येईलच असं मी सांगू शकणार नाही. दसऱ्यानंतरच्या गुरुवारची तारीख मिळाली. मामाजी गाडीत म्हणाले, “मले गरज नाही.” घरी पाय ठेवताना म्हणाले, “गरज नाही.” जेवायला बसले तर भाकरीचा घास वाटीऐवजी पाण्याच्या गिलासात बुडवला, आणि तोच तोंडात घालून म्हणाले, “मले अशीच आवडते.”

मी नणंदेला फोन लावला. तृप्तीताई सौंसरला शाळेत शिकवतात. “वहिनी, बाबा भेऊन राह्यले,” त्या म्हणाल्या. “बाकी काही नाही. भेतात ते.”

फोन स्पीकरवर आहे हे मी विसरले होते.

“कोण भेऊन राह्यलं?” पलंगावरून आवाज आला. “माह्या समोर कवट्या उघड्या पडल्या, माहा हात हालला का कधी? विचार कोणालेही. देवानं भीती वाटली, तवा मी ड्यूटीवर होतो. माह्या वाट्याले आलीच नाही.”

“मग ऑपरेशन करा ना, बाबा.”

“भीती नाही म्हणून तर गरज नाही.”

या हिशेबापुढे गजाननानं हात टेकले होते, पण तृप्तीताई तीस वर्षं शाळेतल्या पोरांना वळण लावत आहेत. त्या म्हणाल्या, “बरं. अन् तुम्हाला भीती वाटली तर?”

“तर येतो नागपूरले. दाखवा मले भीती वाटन असं काही. दुपारी बसतोच मी टीव्हीपुढं.” मग त्यांनी बोट वर केलं. “पण रक्त नाही चालणार. रक्त दाखवून कोणीही भेववते. ते माह्या ड्यूटीचं काम आहे, त्यात फसवायचं नाही.”

अशा रीतीनं एका डोळ्याची जबाबदारी माझ्यावर आली. हातात तीन आठवडे होते आणि मला असा सिनेमा शोधायचा होता, ज्यात रक्त नाही पण माणूस भ्यायला पाहिजे.

एक गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. भुताखेतांची मला स्वतःला फार भीती. लहानपणी भुताची गोष्ट सुरू झाली की मी चुलीशी जाऊन बसत असे. पण सून म्हणून पुढाकार घेतलेला. आता सांगायचं कोणाला? मी आपली फॉलची साडी मांडीवर घेऊन बसायची. पडद्यावर जरा वाईट वेळ आली की सुईत दोरा ओवायला घ्यायची. दोरा ओवताना माणसाला मान वर करता येत नाही.

फोनला मी तोंडानं सांगितलं, “भूत का सिनेमा, खून नहीं चाहिए.” त्याला ‘नहीं’ ऐकू आलं नसावं. खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही दोघं बसलो आणि पाचव्या मिनिटाला एक माणूस कुऱ्हाड घेऊन निघाला. मामाजींना चित्र कळत नव्हतं, लाल रंग तेवढा कळायचा.

“कुठं लागलं?”

“डोक्याला.”

“टाळूवर का कानामागं?”

मी एक डोळा उघडून पाहिलं. “कानामागं.”

“मंग इतकं नाही निघत. अन् हा पळून काहून राह्यला? बस म्हणा त्याले खाली! कपडा दाब रे, कपडा दाब!” मामाजी उठून टीव्हीजवळ गेले. ज्याला लागलं होतं तो मेला तेव्हा ते मनापासून चिडले होते. “चार टाक्यांचं काम. इतक्यासाठी मेला पोट्टा!”

त्या दिवसापासून माझ्या फोनवर रक्तातली शुगर तपासायच्या मशीनच्या जाहिराती येऊ लागल्या.

पुढच्या सिनेमात पांढऱ्या कपड्यातली बाई होती. मी म्हटलं, हे जमेल. ती जिन्यावर आली तेव्हा माझा दोरा सुईच्या शेजारून तीनदा गेला.

“दिसते कशी?” मामाजींनी विचारलं.

“पांढरीफटक. डोळ्यांखाली काळं.”

“रक्त कमी आहे बाईले. गुळशेंगदाणे द्या म्हणा. अन् घरचे काय करून राह्यले? दवाखान्यात नेत नाही कोणी?”

मग एक मुलगी अंगात आल्यासारखी पलंगावर उसळत होती आणि पाच माणसं तिला धरून मंत्र म्हणत होती. मामाजींनी त्या पाचही जणांना झापलं. “मिरगीचा दौरा आहे! धरून नका ठेवू, एका कुशीवर वळवा!” त्यांनी काही वळवली नाही. मामाजींनी त्या दिवशी चहा अर्धाच घेतला.

पंधरा दिवस गेले. मामाजींची तब्येत उलट सुधारली. रोज दुपारी त्यांना पेशंट मिळत होते. आणि संध्याकाळी अंगणातल्या रांजणाला ते “सरक बेटा” म्हणत होते.

शेवटी मी बस धरून सौंसरला गेले. तृप्तीताई मला मनोहरभाऊंच्या फोटो स्टुडिओत घेऊन गेल्या. मनोहरभाऊंचं पूर्वी कॅसेट भाड्यानं द्यायचं दुकान होतं. ते गेलं, पण सिनेमे पाहायची सवय गेली नाही. आता पासपोर्ट फोटो काढतात आणि फोटो छापून होईपर्यंत गिऱ्हाइकाला सिनेमा सांगतात.

“ड्रेसरकाकांच्या सूनबाई?” त्यांनी डावी भुवई दाखवली. “पाच. मामाच्या घरी पोळ्याले आलो होतो. बोला, काय पायजे? भूत पायजे का भीती?”

“एकच ना ते?”

“अजिबात नाही, वहिनी. भूत कुठंही भेटते. भीती शोधा लागते.”

“रक्त नको त्यात.”

“कायले पायजे रक्त? रक्त म्हणजे तर्री. रस्सा जमला नाही का हॉटेलवाला वरून लाल तर्री सोडते. खाणाऱ्याले घाम फुटते अन् त्याले वाटते, वा, काय चव आहे!” मग त्यांनी डॉक्टरसारखं विचारायला सुरुवात केली. काका कुठे बसतात, पंखा असतो का, आवाज किती ठेवता, आजवर काय काय दिलं. मी सगळं सांगितलं. मोतीबिंदूचंही सांगितलं.

मनोहरभाऊ माझ्याकडे पाहतच राहिले. “म्हणजे पंधरा दिवस तुम्ही दिसत नाही त्या माणसाले भूत दाखवून राह्यल्या?”

तृप्तीताई खोकल्या. मी पर्सच्या चेनशी चाळा करत राहिले.

“त्यायले दाखवू नका. ऐकू द्या,” मनोहरभाऊ म्हणाले. त्यांनी फोटोच्या पाकिटाच्या मागे एक नाव लिहून दिलं. इंग्रजी होतं, मला अजून धड म्हणता येत नाही. “यात कोणी जास्त बोलत नाही, म्हणून भाषेची अडचण नाही. पंखा बंद ठेवा. आवाज वाढवायचा नाही, उलट कमी करा. भेणाऱ्या माणसानं स्वतःहून पुढं सरकलं पायजे.”

मंगळवारी दुपारी आम्ही बसलो. गुरुवारची तारीख दोन दिवसांवर. गोधड्या लावल्या, पंखा बंद केला. ऑक्टोबरचं ऊन, अंगाला घामाची धार.

सिनेमात एक बाई एका घरात राहायला येते. बस, एवढंच. ती सामान लावते, चहा करते, खिडकीशी बसते. कुठेतरी घड्याळ चालतं. नळातून थेंब पडतो.

“सुरू झाला का?” मामाजींनी विचारलं.

“झाला.”

“मंग कोणी बोलून काहून नाही राह्यलं?”

“एकटीच आहे बिचारी.”

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मामाजींनी मान तिरकी केली. थोड्या वेळानं परत सरकली. मामाजींनी आपली खुर्ची एक वीत पुढे घेतली. मी दोरा हातात घेतला.

“हे काय वाजलं?”

“दार.”

“कोण आलं?”

“काही नाही, मामाजी.”

“दार आपोआप वाजते का? कोणी असन.”

“काही नाही.”

घड्याळ थांबलं. म्हणजे सिनेमातलं. मग पावलं ऐकू आली, अनवाणी, हळूहळू, फरशीवरून. बाईचा श्वास ऐकू येत होता. पावलं थांबली.

“कोठं थांबली?”

“बाईच्या मागं असतील.”

“मागं कोण आहे?”

“काही नाही, मामाजी. काही नाही.”

“अर्चना. नीट पाहा. कोण आहे?”

“काही नाही म्हणते ना!”

त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. चौतीस वर्षं न हाललेला हात. तो हालत होता.

“बंद कर,” मामाजी म्हणाले.

मी बंद केला. घरात काही वाजत नव्हतं, आमच्याच मोरीतला नळ तेवढा ठिबकत होता. मी म्हटलं, “काही नाही हो मामाजी, सिनेमा आहे.”

“तेवढं म्हणू नको!” ते एकदम ओरडले. मग गळा खाकरून हळू बोलले. “‘काही नाही’ हे मी म्हणायचो. सुई मुठीत लपवून. काही नाही बेटा, काही नाही, ते पाहा चिमणी. पोरगं चिमणी पाहे अन् मी टोचो. हजार वेळा म्हटलं असन. ‘काही नाही’ म्हणते तवा काहीतरी असतेच.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “तिथं खरंच कोणी नव्हतं? का होतं, अन् मलेच दिसलं नाही?”

मी हातातला दोरा रिळाला गुंडाळायला घेतला. तो ओवून झालाच नव्हता.

“वर्ष झालं, असंच चालू आहे,” मामाजी म्हणाले. “दारात कोणी उभं दिसते. माणूस आहे का कपडा, समजत नाही. मी आपलं सगळ्यायले या, बसा म्हणतो. त्या दिवशी देवकावहिनी बोलल्या नाही माह्यासंग. दोन दिवस मले चैन नव्हतं, आपलं काय चुकलं म्हणून.”

“मामाजी, ती त्यांची साडी होती. फॉल लावून टांगलेली.”

त्यांनी मान दाराच्या चौकटीकडे वळवली. मला वाटलं, सांगायला नको होतं.

“पाय दुखते का विचारलं मी तिले,” ते म्हणाले.

“हो.”

“जपा म्हटलं.”

“हो.”

मामाजींच्या पोटातून आधी काहीतरी हाललं, मग खांदे हालले, मग ते इतके हसले की धोतराच्या सोग्यानं डोळे पुसावे लागले. मीही हसत होते. हसणं संपलं तरी ते सोग्यानं डोळे पुसतच होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

“गुरुवारी गाडी किती वाजता?” त्यांनी विचारलं.

नागपूरच्या दवाखान्यात हिरवा गाऊन घालून मामाजी खाटेवर बसले होते. एक सिस्टर आली. पंचविशीची असेल. गोड बोलणारी. “काही नाही बाबा, मुंगी चावल्यासारखं,” ती म्हणाली.

“बाई, हे वाक्य माह्यं आहे,” मामाजी म्हणाले. “खरं सांग.”

ती गांगरली. मीच म्हटलं, “मामाजी, भीती वाटेल. दुखणार नाही म्हणतात, पण भीती वाटेल. मी दाराबाहेर उभी आहे. साडी नाही, मी स्वतः.”

त्यांनी हात पुढे केला, अंगठ्यानं माझं कपाळ चाचपलं. काही सापडलं नाही. “हाव, अर्चनाच आहे,” म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. मामाजींनी आधी खिडकी पाहिली, मग गजाननला पाहिलं आणि त्याला पोट सुटलंय हे सांगितलं. मग माझ्याकडे वळले. बरंच पाहिलं.

“तुहे केस केव्हा पांढरे झाले वो?”

“तुम्ही पाहत नव्हता तेव्हा.”

“हं,” म्हणाले. “चांगली दिसते. पण तेल लावत जा.”

दिवाळी झाली. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली, ती त्यांनी स्वतः कॅलेंडरवर लिहिली. एका दुपारी काळा चष्मा लावून टीव्हीसमोर बसले आणि म्हणाले, “तो लाव. पुरा पाहायचा आहे. आता मले सगळं दिसते.”

मी साडी मांडीवर घेतली. घड्याळ, नळ, खुर्ची. दार वाजलं. मी दोरा हातात घेतला.

“थांबव,” मामाजी म्हणाले. “ही कोण?”

“कोण?”

“दारात उभी आहे ती. ही तर पहिल्यापासून उभी आहे! चहा करते तेव्हाही मागं होती. इतकी मोठी बाई! अन् तू म्हणे, काही नाही!”

मी सुई पाहत राहिले.

“अर्चना. त्या दिवशी तू काय करत होती?”

“दोरा ओवत होते.”

“तास-दीड तास?”

मामाजींनी चष्मा काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं टेबलावर चढायला नाही म्हणणाऱ्या पोराकडे पाहत असतील. मग माझ्या मांडीवरची साडी उचलून बाजूला ठेवली, माझं मनगट धरलं, नाडी पाहताना धरतात तसं.

“भीती वाटते?”

“फार.”

“मलेही वाटली. पाहा इकडं. मी सांगतो काय आहे ते. बाई आहे. उंच आहे. केस मोकळे आहे. आता ती एक पाऊल पुढं येईन. हं, आली.”

मी डोळे उघडे ठेवले. बाई होती. खरंच होती. ती हळूहळू आमच्याकडे वळायला लागली, आणि नेमकं तेव्हाच आमचं दार करकरलं. उजेडाच्या पट्ट्यात हिरवी साडी उभी होती.

मी जी किंचाळले, ती म्हणे रेल्वे स्टेशनपर्यंत ऐकू गेली.

मामाजींनी माझं मनगट सोडलं नाही. दाराकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत.

“या वहिनी, बसा,” ते म्हणाले. “सुनेकडं लक्ष नका देऊ, टाके लागन असं काही झालं नाही. पाय दुखते का अजून?”

“दुखते ना भाऊजी,” देवकाबाई म्हणाल्या आणि येऊन बसल्या.